पर्वकाल आणि परीक्षा

प्रतिवर्षी श्रावण लागला की आमच्या घरी दोन प्रकारची मंडळी येऊ लागतात. यजमान येतात ते पूजेच्या सामग्रीची यादी घेण्यास. विद्यार्थी येतात ते एकच प्रश्न घेऊन: त्या दिवशी महाविद्यालयात परीक्षा आहे, काय करावे? आम्ही स्वतः शाळेपलीकडे शिकलो नाही. वडिलांच्या हाताखाली पौरोहित्य मात्र पाहिले. तथापि हा प्रश्न जितका विद्यापीठाचा तितकाच पंचांगाचाही आहे, म्हणून प्रस्तुत पाठात त्याचा विचार करण्याचे योजिले आहे.

सण हा दिवसाचा असतो अशी आपली समजूत असते. वस्तुतः प्रत्येक कर्मास आपला काल असतो व त्यास कर्मकाल म्हणतात. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘धर्मसिंधु’ सिद्ध केला. तिथीचा निर्णय करावयाचा झाल्यास आमच्या घरी आजही तोच उघडला जातो. दिवसाचे पाच भाग मानावे: प्रातःकाल, संगव, मध्याह्न, अपराह्ण आणि सायाह्न. सहाला सूर्योदय व सहाला सूर्यास्त धरल्यास प्रत्येक भाग २ तास २४ मिनिटांचा होतो. गणेशपूजनास मध्याह्न लागतो, म्हणजे १०.४८ ते १.१२. सांवत्सरिक श्राद्धास अपराह्ण, म्हणजे १.१२ ते ३.३६. लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी होते, शिवरात्रीची मुख्य पूजा निशीथात. एकादशीस तर उपवास तेवढा करावयाचा. तो करून उत्तरपत्रिका लिहिता येते, आणि कित्येक मुले लिहितातही. यावरून ध्यानात येईल की सकाळी १० ते १ ची परीक्षा देऊन मुलगा श्राद्धास बसू शकतो. २ ते ५ ची असेल तर त्यास बसता येत नाही.

आता विद्यापीठाची अडचणही पाहावी. एकादशी कधी कधी स्मार्तांची आज व भागवतांची उद्या असते. श्रावणी ऋग्वेदी श्रवण नक्षत्रावर करतात, यजुर्वेदी पौर्णिमेस. एकाच वाड्यात दोन दिवस होतात, मग कुलसचिवांनी कोणता धरावा? इतर धर्मीयांचे दिवसही स्थिर नाहीत. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, त्यात अधिक मास नाही. म्हणून ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि मिलाद-उन-नबी दोन्ही २८ सप्टेंबरला आली, तेव्हा आपल्या शहरातील मुस्लिम बांधवांनी आपली मिरवणूक १ ऑक्टोबरवर नेली. सर्वांचे सर्व दिवस सुटीचे करावयाचे म्हटले तर शिकवावयाचे केव्हा? सरसकट सुटीची मागणी आम्हांस रास्त वाटत नाही. वाटते ती वेगळी.

बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीचा दंडक असतो, आणि ती कमी पडल्यास सूट मागण्याची ओळखीची वाट एकच: वैद्याचा दाखला. चार वर्षांपूर्वी एक मुलगा आमच्या वडिलांकडे आला. त्याच्या वडिलांचे वर्षश्राद्ध, आणि त्याच तिथीस दुपारी दोनला परीक्षा. महाविद्यालयात त्याने खरे कारण सांगितले. उत्तर मिळाले की श्राद्धासाठी नियम नाही, आजाराचा दाखला आणलास तर पाहू.

“गुरुजी, ओळखीचे डॉक्टर देतील. आणू का?”

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाळ, खोटा कागद खिशात ठेवून बापाला पिंड देणार का?”

विघ्न आल्यास अमावास्येस श्राद्ध करण्याची सोय शास्त्राने ठेवली आहे, तसे ठरले. मुलाने परीक्षा दिली. त्या तिथीस त्याची आई दिवसभर अन्नाशिवाय बसून होती, आणि अमावास्येस पिंडदान करताना तो मुलगा आमच्याकडे पाहत नव्हता. शास्त्र वाकले, नियम मात्र तसूभर हलला नाही. खरे बोलणाऱ्याने अडावे आणि खोटे बोलणाऱ्याने सुटावे, ही व्यवस्था आम्हांस मान्य नाही.

विद्यापीठात धर्माचरणास किती वाव असावा हा वाद या नगरास नवा नाही. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील हिंदू विद्यार्थी आपल्या प्रार्थनागृहात ‘वंदे मातरम्’ म्हणत. त्यास मनाई झाली, संप झाला, औरंगाबादचे विद्यार्थीही त्यात उतरले, आणि काढून टाकलेल्या मुलांस नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. तेथे तंटा गीताचा होता, व त्यात राजकारणही होते. आजचा विद्यार्थी मागतो ते फक्त दोन-तीन तास.

ते देता येतात. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षणविषयक कायद्यात कलम २२४-अ आहे. धर्मश्रद्धेमुळे विद्यार्थी एखाद्या दिवशी अनुपस्थित राहिल्यास त्याची हुकलेली परीक्षा वा अभ्यास भरून काढण्याची संधी संस्थेने द्यावयाची, आणि त्यासाठी शुल्क घ्यावयाचे नाही. कोणाचा सण कोणता याची यादी त्यात नाही, म्हणूनच तो सर्वांस पुरतो. आपल्याकडे सरकारी नोकरांस ऐच्छिक सुट्ट्या असतात. विद्यार्थ्यास तशा का असू नयेत, हे कोडे आहे.

परंतु मागणाऱ्याचीही बाजू आहे. आदल्या संध्याकाळी धावत जाऊन सुटी मागणारे आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांच्यावर प्राध्यापक रागावले तर त्यांचा दोष नाही. पंचांग गुढीपाडव्यापूर्वीच हाती येते. सत्राच्या आरंभी विद्यार्थ्याने आपली कुलतिथी, वेद आणि घरातील श्राद्धाची तिथी घेऊन यावे. इंग्रजी तारीख व कर्मकालाचे घड्याळी तास आम्ही एका कागदावर लिहून देऊ. तो अर्जास जोडून विभागप्रमुखांकडे द्यावा, आणि पोच घ्यावी.