सिलेक्टिव्हच्या सकाळी दही-साखर द्यावी का?

प्रश्न : मी साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी सिडनीला लेकीकडे आले आहे. नात सहावीत आहे आणि मे महिन्यात तिची 'सिलेक्टिव्ह'ची परीक्षा आहे. घरात टीव्ही बंद, पाहुणे बंद, सगळे दबक्या आवाजात बोलतात. त्या दिवशी तिला काही सांगू नकोस, अशी लेकीची मला ताकीद आहे. जावई म्हणतात, या परीक्षेचे गुणच कळत नाहीत. असं कसं? आमच्या वेळच्या चौथीच्या स्कॉलरशिपचे गुण गावभर कळायचे! ही परीक्षा नेमकी असते तरी कसली, त्या दिवशी घरातल्यांनी काय करायचं, आणि मी दही-साखर द्यायची की नाही?
– एक आजी, वेंटवर्थविल

उत्तर : दही-साखर जरूर द्या, काकू. एकच चमचा, आणि रोज खाते त्याच दह्याची. तुमच्या लेकीला धास्ती आहे ती त्या चमच्याबरोबर येणाऱ्या वाक्याची. 'सगळं नीट आठवून लिही हं' असं म्हणत आपण पिढ्यानपिढ्या मुलांना परीक्षेला धाडलंय. पण या परीक्षेत आठवून लिहावं असं फारसं काही नसतंच. ते वाक्य ऐकून पोर गेटातून आत शिरता शिरता सूत्रं आठवू लागते आणि पहिल्या प्रश्नालाच बावचळते. तेव्हा दही द्या, आणि वाक्य तेवढं गिळून टाका.

आता परीक्षा कसली ते सांगते. न्यू साउथ वेल्स राज्यात काही सरकारी माध्यमिक शाळांत प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडतात. त्यांना सिलेक्टिव्ह हायस्कूल म्हणतात. अशा चाळीसहून जास्त शाळा आहेत. काही पूर्णपणे निवडक, तर काहींत निवडलेल्या मुलांचे वर्ग आणि शेजारपाजारच्या मुलांचे वर्ग एकाच आवारात. ही प्रथा जुनी आहे. सिडनी बॉइज आणि सिडनी गर्ल्स या शाळा १८८३ साली सुरू झाल्या. सातवीच्या साधारण ४,२०० जागांसाठी सतरा हजारांवर मुलं बसतात, म्हणजे चौघांत एकाला जागा. शाळा सरकारी, फी नाममात्र, त्यामुळे पोटाला चिमटा घेऊन इथे स्थिरावलेल्या आपल्यासारख्या घरांना तिचं आकर्षण वाटणारच. (वर्क व्हिसावरच्या घरांसाठी एक सूचना : जागा घ्यायची तर मूल नागरिक किंवा कायम रहिवासी असावं लागतं. काही घरांत हे फार उशिरा लक्षात येतं.)

परीक्षेचे भाग चार. वाचन ४५ मिनिटं, गणिती तर्क ४० मिनिटं, विचारकौशल्य ४० मिनिटं आणि लेखन ३० मिनिटं. चारही भागांना सारखंच वजन. गणितात ३५ प्रश्न, विचारकौशल्यात ४०, म्हणजे प्रत्येकाला मिनिट, फार तर सव्वा मिनिट.

या विचारकौशल्याचा मासला पाहा, मीच बनवलेला. सानिका म्हणते, 'ज्यांच्याकडे वाचनालयाचं कार्ड आहे ते सगळे सहलीला येणार होते. रोहन सहलीला आलाय, म्हणजे त्याच्याकडे कार्ड असणारच.' सानिकाचं कुठे चुकलं? तुम्हाला चटकन कळेल, कारण गावात असले युक्तिवाद आपण रोज ऐकतो : कार्ड नसलेल्यांनी येऊ नये असं कुणी म्हटलं होतं? अशा प्रश्नासाठी कुठला धडा पाठ करणार? क्लासवाले सराव करून घेतात आणि त्याचा उपयोगही होतो, पण आदल्या दिवशीच्या उजळणीने यात काडीची भर पडत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं की आदल्या दिवशी दुपारनंतर वह्या, सराव-प्रश्न, क्लासची ती जाडजूड पुस्तकं, सगळं कपाटात जावं. नात स्वतःहून मागेल तरी.

घोकून घ्यावी अशी एकच गोष्ट आहे : चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अडलं तर अंदाजाने काहीतरी निवडायचं, खूण करून पुढे जायचं, वेळ उरला तर परत यायचं. सांगायचंच असेल तर हे सांगा, आणि तेही आठवडाभर आधी.

लेखनाचं थोडं वेगळं आहे. एकच विषय देतात, आणि तो नेहमी निबंधाचाच असेल असं नाही. पत्र, डायरीचं पान, बातमी, सल्ला देणारा मजकूर, काहीही येऊ शकतं. २०२५पासून परीक्षा संगणकावर होते, म्हणजे अर्ध्या तासात हे सगळं टाइप करायचं. हुशार मुलं इथेच अडतात. डोक्यात गोष्ट तयार असते आणि दोन बोटं कीबोर्डवर अक्षर शोधत असतात. तुमच्या हाताशी अजून दिवस आहेत, तर एक काम खास तुमच्यासाठी. रोज संध्याकाळी वीस मिनिटं तुमच्या लहानपणीचं काहीतरी सांगा, यवतेश्वरच्या घाटाचं, शाळेतल्या छडीचं, आणि नातीला ते इंग्रजीत टाइप करू द्या. तिची बोटं सरावतील, आणि तुम्हाला घरात तोंड उघडायला निमित्त मिळेल. लेकही हरकत घेणार नाही.

आता गुणांचं. जावई बरोबर सांगतात. निकालात आकडा नसतो. प्रत्येक भागासाठी नात कोणत्या गटात बसली एवढंच कळतं : वरच्या १० टक्क्यांत, त्यानंतरच्या १५ टक्क्यांत, त्याखालच्या २५ टक्क्यांत, की उरलेल्या ५० टक्क्यांत. ही जागावाटपाची परीक्षा आहे. त्या वर्षी बसलेल्यांत कोण कुठे उभं आहे एवढंच तिला ठरवायचं असतं. आणि बसलेली मुलं म्हणजे काही राज्यातली सगळी मुलं नव्हेत. ज्यांच्या घरी वर्ष-दोन वर्षं तयारी चाललेली असते अशीच बहुतेक. त्या गर्दीतल्या 'खालच्या अर्ध्यात' असणं म्हणजे नापास होणं नव्हे. वर्गात दुसरा-तिसरा येणारा मुलगाही तिथे सापडतो. हे तुमच्या घरात कुणी मोठ्याने म्हटलंय का? नसेल तर तुम्ही म्हणा. आजीच्या तोंडून आलेलं मुलांना खरं वाटतं.

आणि शाळांच्या नावांची चर्चा त्या आठवड्यात नाश्त्याच्या टेबलावर नको. पसंतीच्या तीन शाळांपर्यंतचा क्रम अर्ज भरताना, काही महिने आधीच दिलेला असतो. 'रूस मिळालं तर…' म्हणत बसून त्या आठवड्यात काही साधत नाही. ही रूस म्हणजे कार्लिंगफोर्डची जेम्स रूस कृषी शाळा. बारावीच्या निकालात ती १९९६पासून सलग पहिली यायची. २०२३ साली नॉर्थ सिडनी बॉइजने ती मालिका तोडली तेव्हा इथल्या भारतीय घरांत क्रिकेटच्या निकालासारखी चर्चा झाली होती. गंमत म्हणजे जेम्स रूस हा इंग्लंडहून पहिल्या ताफ्यातून आलेला शिक्षा झालेला कैदी. त्याने शेती करून दाखवली म्हणून त्याला जमीन मिळाली, आणि त्याची ती जागा हॅरिस पार्कमध्ये अजून दाखवतात. तुम्ही जिथे पोहे-साबुदाणा आणायला जाता तेच हॅरिस पार्क. त्या शाळेत सातवी ते दहावी शेती हा सक्तीचा विषय आहे. तुम्हाला हे आवडेल. नातीला सांगायचं ते परीक्षा झाल्यावर सांगा.

तर मग घराने करायचं काय? खरी कामं आदल्या रात्रीची आणि रस्त्यावरची.

२०२५ साली ही परीक्षा संगणकावर पहिल्यांदाच झाली तेव्हा हजारो मुलांना रेसकोर्ससारख्या मोठ्या जागांवर एकत्र बोलावलं होतं. २ मे रोजी कँटरबरी पार्क रेसकोर्सच्या बाहेर मुलं आणि पालक यांची अशी झुंबड उडाली की पोलिसांचं दंगलविरोधी पथक बोलवावं लागलं. काही ठिकाणच्या परीक्षा पुढे ढकलल्या. अकरा-बारा वर्षांची मुलं बाहेर येत होती आणि आईबाप कुठे उभे आहेत हेच त्यांना कळत नव्हतं. फोन आत न्यायला बंदी असते, म्हणजे मुलाच्या खिशात फोन नाही आणि आईबापांच्या हातातल्या फोनचा उपयोग नाही.

म्हणून यंदा केंद्र लहान असो की मोठं, परीक्षेआधीच्या रविवारी लेक-जावई नि नातीने तिथे एकदा जाऊन यावं. गेट कुठलं ते पाहावं. सुटल्यावर भेटायची जागा ठरवावी, आणि ती 'गेटापाशी' अशी मोघम नको. 'त्या निळ्या बसथांब्याच्या मागे, भिंतीला लागून' अशी हवी. कारण सुटल्यावर गेटापाशी सगळं गाव असतं. आईचा आणि बाबांचा नंबर नातीला तोंडपाठ हवा. आजकालच्या मुलांना तो पाठ नसतो, विचारून पाहा. पाठ करून घ्यायचं काम तुमच्याकडे घ्या. पाढे पाठ करून घेतलेल्या पिढीला हे काय अवघड!

प्रवेशपत्र छापून, घडी न घालता, पाण्याच्या बाटलीबरोबर पिशवीत ठेवावं. पोहोचायची वेळ त्यावर लिहिलेली असते आणि ती पाळायची म्हणजे पाळायची. स्मार्ट घड्याळ, कॅल्क्युलेटर घरी. मे म्हणजे इथला पानगळीचा काळ. सकाळी गारठा, दुपारी ऊब. शाळेच्या गणवेशावर काढता-घालता येईल असा स्वेटर असावा.

आणि डबा. दोन भागांमध्ये थोडी उसंत मिळते तेव्हा मुलं काहीतरी तोंडात टाकतात. तुमच्या मनात शेंगदाण्याचा लाडू असेल, तो नको. इथल्या शाळांत शेंगदाणा म्हटला की शिक्षकांच्या पोटात गोळा येतो, कारण अ‍ॅलर्जी असलेलं मूल शेजारच्याच खुर्चीवर बसलेलं असू शकतं. राजगिऱ्याचा लाडू किंवा केळ्याच्या चार फोडी चालतील. सकाळचा नाश्ता नेहमीचाच : उपमा आवडतो तर उपमा, सिरियल खाते तर सिरियल. परीक्षेच्या सकाळी बदाम-केशराचं दूध पहिल्यांदाच पाजायचं आणि मग ते पचेना म्हणून धावपळ, असले प्रयोग आपल्याकडे फार होतात.

ताप आला तर? गोळी देऊन पाठवू नका. वेळेत कळवून आजाराचा दाखला दिला तर नंतर पर्यायी परीक्षेची सोय आहे. पण एकदा जाऊन परीक्षा दिली, आणि मग 'बरं नव्हतं' म्हटलं, तर त्या वर्षी पुन्हा बसता येत नाही. हा निर्णय सकाळी सहा वाजता घाईत घ्यावा लागतो आणि आईबापांचा जीव वरखाली होतो. अशा वेळी घरात एखादं शांत माणूस लागतं. ते तुम्ही व्हा.

बाकी सगळ्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो परतीचा गाडीतला अर्धा तास. चार भाग संपवून पोर बाहेर येते आणि गाडीचं दार लागायच्या आत पुढच्या सीटवरून प्रश्न सुटतात : 'मॅथ्स कसं गेलं? किती सुटले? रायटिंगला काय आलं?' उत्तराने कुणाचंच काही भलं होत नाही. पेपर घरी देत नाहीत, गुण कधीच कळणार नाहीत, उत्तरं पडताळून पाहायची सोयच नाही. मुलीला मात्र पुढचे तीन महिने आपण कुठे चुकलो ते आठवत बसावं लागतं. त्या गाडीत तुम्ही असाल तर मागच्या सीटवर तिच्याशेजारी बसा. तिला बोलायचं असेल तर ती बोलेलच. परीक्षेत शेजारी बसलेल्या मुलाने किती वेळा नाक ओढलं, हेच बहुधा मुलांना सांगायचं असतं. ते मन लावून ऐका.

निकाल ऑगस्टच्या आसपास येतो, तोवर तुम्ही साताऱ्याला पोहोचलेल्या असाल. जागा मिळते, किंवा राखीव यादीत नाव लागतं, किंवा काहीच नाही. यादी पुढेही काही महिने सरकत राहते, कारण कुणी खासगी शाळेची स्कॉलरशिप घेतं, कुणी दुसरीकडे जातं. नाव नाही आलं तर नात घराजवळच्या हायस्कूलमध्ये जाईल. तिथूनही मुलं डॉक्टर होतात, सुतार होतात, इथे सुतारही चांगलं कमावतात. पण निकालाचा ई-मेल येताच त्याचा स्क्रीनशॉट मामा-मावश्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवायची एक खोड आपल्या सगळ्यांना आहे. तो पाठवायचा की नाही, आणि कधी, हे आधी नातीला विचारायचं, एवढं लेकीकडून निघण्यापूर्वी कबूल करून घ्या. ग्रुपवर कुणी 'काय झालं गं रिझल्टचं?' असं विचारलं, तर उत्तर द्यायची जबाबदारी तुम्ही साताऱ्याहून घ्या.