खेचराचं रक्त कोणाचं? घोडा, गाढव आणि रक्तातील प्रथिने



दहावीला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' शिकवताना खेचराचं उदाहरण आपण हमखास देतो. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२ आणि खेचराची ६३, म्हणून खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत. फळ्यावर तीन आकडे लिहिले की उदाहरण संपलं! मीही बरीच वर्षे एवढंच करत होतो. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग खेचराचं रक्त घोड्याचं की गाढवाचं?" मी घाईत म्हणालो, "दोन्हींचं मिसळलेलं. दुधात पाणी मिसळतो ना, तसं."

हे उत्तर चुकीचं होतं. कसं, ते आज पाहू.

हिमोग्लोबिन : मण्यांची माळ

रक्ताला लाल रंग देणारं हिमोग्लोबिन हे प्रथिन आहे. त्यात दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. अल्फा साखळी म्हणजे १४१ अमिनो आम्लांची माळच. कोणत्या जागी कोणता मणी ओवायचा, हे जनुक ठरवतं. म्हणून दोन प्राण्यांच्या माळा शेजारी ठेवल्या, की त्यांची जनुकं किती वेगळी झाली आहेत याचा अंदाज येतो.

माणूस आणि घोडा यांच्या अल्फा माळेत १८ मणी वेगळे आहेत. घोडा आणि गाढव यांच्यातले फरक मात्र बोटांवर मोजण्याइतके. जितकं नातं जवळचं, तितके फरक कमी. मुलांना ही गोष्ट पटकन पटते.

सगळे घोडे तरी सारखे कुठे?

इथे बहुतेक मुलं (आणि आपणही) फसतात. आपल्याला वाटतं, 'घोड्याचं हिमोग्लोबिन' म्हणजे एकच ठरलेली माळ. तसं नाही. घोड्यांच्या अल्फा साखळीत २४ व्या जागी कधी टायरोसिन असतं, तर कधी फिनाइलअ‍ॅलॅनिन. ६० व्या जागी कधी लायसिन, तर कधी ग्लुटामाइन. दोन्ही प्रकारचे घोडे धडधाकट असतात. यालाच जनुकीय विविधता म्हणतात.

हे फरक कसे कळले? ऑलिव्हर स्मिथीज यांनी १९५५ मध्ये स्टार्चच्या जेलमधून प्रथिने वेगळी करण्याची पद्धत मांडली. नमुना जेलमध्ये ठेवायचा आणि वीजप्रवाह सोडायचा. विद्युतभार वेगळा असेल तर प्रथिनाचा वेगही वेगळा, आणि वेगवेगळे पट्टे दिसतात. लायसिनवर धनभार असतो, ग्लुटामाइनवर नसतो, म्हणून ६० व्या जागेचा फरक पट्ट्यात दिसतो. टायरोसिन आणि फिनाइलअ‍ॅलॅनिन दोन्ही भाररहित, म्हणून २४ व्या जागेचा फरक लपून राहतो. मुलांना आवर्जून सांगा : दिसला नाही म्हणजे फरक नाही, असं नसतं.

रक्तद्रवात लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन घोड्यांमध्ये याहूनही जास्त प्रकारांत आढळतं. डीएनए चाचणी रुळण्याआधी घोड्याच्या शिंगराचे आई-बाप खरे कोण, हे अशा पट्ट्यांवरूनही तपासत असत.

खेचराची साक्ष

आता मूळ प्रश्न. खेचराच्या रक्तात आईकडून आलेल्या जनुकाचं हिमोग्लोबिन बनतं आणि बापाकडून आलेल्या जनुकाचंही. दूध-पाण्यासारखं तिसरंच काही तयार होत नाही. मणी आपापल्या जागी शाबूत असतात. आनुवंशिकता म्हणजे मिसळण नव्हे, हे मेंडेल यांनी वाटाण्यावर दाखवलं. तेच खेचराच्या रक्तातही दिसतं.

तांबड्या पेशींतल्या एका विकराची गोष्ट तर आणखी छान आहे. त्याचं नाव ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज. घोड्यात आणि गाढवात त्याचे पट्टे वेगळे येतात. १९६५ मध्ये असं प्रसिद्ध झालं, की नर खेचरात फक्त घोड्याचा प्रकार सापडतो, मादी खेचरात मात्र दोन्ही. असं का? खेचराची आई घोडी, बाप गाढव. नराला 'एक्स' गुणसूत्र फक्त आईकडून मिळतं. म्हणजे या विकराचं जनुक 'एक्स'वर आहे! हे उत्तर आपण सांगू नका, मुलांना शोधू द्या.

हा फरक जिवावर येतो तेव्हा

घोडा-गाढव इतके जवळचे, मग थोड्याशा फरकाने काय बिघडतं? गाढवाच्या तांबड्या पेशींवर एक खूण असते, ती घोड्यांच्या पेशींवर नसते. खेचराच्या शिंगराला ती बापाकडून मिळते. काही घोड्यांच्या माद्यांचं शरीर त्या खुणेला परकं समजून प्रतिपिंडं तयार करतं. ही प्रतिपिंडंसुद्धा प्रथिनेच. ती पोटातल्या शिंगरापर्यंत पोचत नाहीत, पण चिकात उतरतात. शिंगरू ठणठणीत जन्मतं, चीक पितं, आणि मग त्याच्याच तांबड्या पेशी फुटू लागतात. ते मलूल होतं, कावीळ होते, वेळेत लक्ष दिलं नाही तर दगावतं. घोड्याच्या शिंगरापेक्षा खेचराच्या शिंगरात हा धोका बराच जास्त, आणि पहिल्या वेतापेक्षा पुढच्या वेतांत अधिक.

चीक तोडूनही चालत नाही, कारण रोगांशी लढायची प्रतिपिंडं शिंगराला त्यातूनच मिळतात, तीही पहिल्या दिवसभरातच. म्हणून शंका असेल तर पशुवैद्य शिंगराला आईपासून पिऊ देत नाहीत आणि दुसऱ्या सुरक्षित घोडीचा चीक पाजतात. दोन प्राण्यांच्या रक्तातला फरक माहीत असला, की एक जीव वाचतो.

वर्गात करून पाहा

ट्रान्सफेरिनचे प्रकार डी, एफ आणि आर घ्या. आई 'डी-एफ', बाप 'एफ-आर'. शिंगरू 'डी-आर' असू शकेल का? 'डी-डी' असू शकेल का? मुलांना कारणासह लिहायला सांगा. पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही, कारण बापाकडे 'डी' नाहीच.

आणि पालकहो, घरात कोणी "हे त्याच्या रक्तातच आहे" म्हणालं, तर मुलांना एवढं जरूर सांगा : वारसा रक्तातून नाही, जनुकांतून येतो. रक्तात दिसते ती फक्त त्याची नोंद. त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी हेच सांगितलं, आणि आदल्या दिवशी आपण चुकलो, हेही.