ठिपक्यांचें मुखचित्र

एका विद्यार्थ्यानें आपल्या आजीचें लग्नांतलें एकमेव छायाचित्र आम्हांस आणून दिलें व त्यावरून ठिपक्यांचें मुखचित्र करून मागितलें. छायाचित्र पुसट होतें. टाकानें एक एक ठिपका देत बसण्याइतका अवकाश आम्हांस नव्हता. म्हणून तें काम संगणकाकडून करविलें.

वर्तमानपत्रांतील छायाचित्र भिंगाखालीं धरलें असतां ठिपकेच दिसतात. परंतु तेथें त्यांच्या जागा ठराविक, आकार मात्र लहानमोठा. चित्रकाराचे ठिपके बहुधा सारख्या मापाचे. छायेंत दाट, उजेडांत विरळ. अमेरिकेंतील 'वॉल स्ट्रीट जर्नल' पत्रांत केव्हिन स्प्राउल्स यांनीं १९७९ सालीं अशींच ठिपक्यांचीं व रेघांचीं मुखचित्रें सुरू केलीं. एकेका चित्रास कित्येक तास लागत.

संगणकाची रीत एड्रियन सेकॉर्ड यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केली. प्रथम छायाचित्रावर हजारों ठिपके विखुरावयाचे. मग कागदावरील जी जागा ज्या ठिपक्यास सर्वांत जवळची, ती त्याच्या वतनांत घालावयाची. पुढें प्रत्येक ठिपका आपल्या वतनाच्या मध्यावर जाऊन बसतो. पण हा मध्य वजनाचा. जागा जितकी काळी तितकी ती जड मानावयाची. चार इंचांची एक पट्टी घ्या. डावी अर्धी फिकी, वजन १. उजवी अर्धी काळी, वजन ३. साधा मध्य डावीकडून २ इंचांवर. वजनाचा मध्य (१ × १ + ३ × ३) ÷ ४, म्हणजे अडीच इंचांवर. ठिपका अर्धा इंच काळोखाकडे सरकला! सर्व ठिपके सरकले कीं सीमा बदलतात. पुन्हां वांटणी, पुन्हां सरकणें. अनेक फेऱ्यांनंतर ते जवळजवळ स्थिरावतात. केसांत दाटी होते, कपाळावर विरळपणा येतो, आणि तरीही ठिपके एकमेकांस चिकटत नाहींत. हें पडद्यावर घडतांना पाहणें मोठें मौजेचें आहे.

आजीचा चेहरा सुरेख उतरला. मुलगा मात्र क्षणभर पाहून म्हणाला, "सर, नथ कोठें गेली?"

खरेंच, नथ नव्हती. तिचे मोती उजळ, गालही उजळ. त्यांतून ती ठिपक्यांमधील अंतराहूनही बारीक. संगणकास काळेंपांढरें कळलें होतें, नथ कळली नव्हती. ठिपके दुप्पट केले, तरी नाकाजवळ थोडी करडी छटा तेवढी आली. २०१९ सालीं त्याच अमेरिकन पत्रानें जुनीं मुखचित्रें दाखवून शिकविलेली नवी योजना वाचकांस उपलब्ध करून दिली. पण शिकलेल्या त्या योजनेनें तरी आमच्याकडील नथ ओळखली असती काय, याची आम्हांस शंका आहे.

शेवटीं मूळ छायाचित्र समोर ठेविलें, टाक शाईंत बुडविला, आणि नथेचे मोती हातानेंच काढले.