सवय आणि व्यसन : फरक समजून घ्या



मागील सत्रात पाटणकर बाजारात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या घरी आम्ही गेलो होतो. तिच्या आजींना कर्करोग झाला होता. डॉक्टरांनी दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या कपाटात तशाच पडून होत्या आणि आजी रात्रभर कण्हत होत्या. "सर, या वयात आईला अफूचे व्यसन लावायचे का?" असे मुलाने विचारले. म्हणून हा पाठ.

मॉर्फिन अफूपासून बनते हे खरे. जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील मंदसौर-नीमच भागात आजही सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यातून मॉर्फिन काढतात. १९८५ च्या कडक कायद्यामुळे हे औषध रुग्णांना मिळणे कठीण झाले होते. २०१४ साली दुरुस्ती करून ती अडचण कमी करण्यात आली. पण मनातील भीती कायद्याने जात नाही.

आता फरक पाहू. काही आठवडे मॉर्फिन घेतल्यावर शरीर त्याला सरावते. गोळी एकदम बंद केली तर घाम, जुलाब, अंगदुखी, बेचैनी होते. याला शारीरिक अवलंबित्व म्हणतात. रक्तदाबाची काही औषधे आणि स्टेरॉईडही अशी एकदम सोडता येत नाहीत. पण त्यांना कोणी व्यसन म्हणत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी केली की शरीर सावरते.

व्यसन निराळे. त्यात औषधाची अनावर ओढ लागते, स्वतःवर ताबा राहत नाही आणि नुकसान दिसत असूनही माणूस थांबत नाही. रुग्ण वेदना थांबाव्या म्हणून गोळी घेतो आणि आराम पडला की घरच्यांत मिसळतो. व्यसनी माणूस घरच्यांपासून तुटत जातो.

धोका मुळीच नाही, असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेत १९९० नंतर अशा गोळ्या सढळ हाताने दिल्या गेल्या आणि असंख्य लोक व्यसनात अडकले. आपल्याकडेही ट्रामाडॉलचा दुरुपयोग वाढल्याने २०१८ मध्ये ते औषध त्याच कायद्याखाली आणावे लागले.

लक्षात ठेवा :
१. अशी गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि वेळेवरच द्यावी.
२. ती आपल्या मनाने वाढवू नये, एकदम बंदही करू नये.
३. ती कुलपात ठेवावी, दुसऱ्या कोणाला देऊ नये.

त्या घरच्यांनी डॉक्टरांना पुन्हा विचारले आणि गोळ्या सुरू केल्या. आजी आज नाहीत. पण शेवटचे दोन महिने त्या रात्री झोपल्या आणि दिवसा नातीशी बोलल्या.