दहाची नोट

रविवारी संध्याकाळी चर्चचे कपडे भिजवायला घेतले, तर धाकट्याच्या शर्टाच्या खिशातून चिंचेच्या गोळ्यांचे चार कागद निघाले. सकाळी संडे स्कूलला जाताना दानासाठी दिलेल्या दहाच्या नोटेचं काय झालं, हे विचारायची गरजच नव्हती. तरी मी विचारलं. खाली मान घालून तो म्हणाला, "टाकली ना थैलीत."

माझा आवाज चढला. "देवाचे पैसे खाल्लेस? वर खोटं बोलतोस? येशूला काय वाटलं असेल?" कुकर शिट्ट्या देत होता, सोमवारचा डबा डोक्यात होता, थोरलीचा गृहपाठ तसाच पडला होता. सगळ्याचा राग त्या दहा रुपयांवर निघाला.

रात्रीच्या प्रार्थनेला तो बसला, पण डोळे काही मिटेना. दिवा मालवल्यावर अंधारात हळूच त्याने विचारलं, "आई, आता येशू मला सोडून देणार?"

आठ वर्षांचं पोर. पोटात कालवाकालव झाली माझ्या. हे याला कोणी शिकवलं? आठवत गेले, तसं कळलं, मीच शिकवलं होतं. एका दिवसात नाही, थोडं थोडं रोज.

आपण सगळेच करतो हो हे. "वरण संपव, येशू बघतोय." "ताईला मारलंस, आता तो तुझी प्रार्थना ऐकणार नाही." दिवसभर दमलेल्या जिवाला हे सोपं पडतं. आपलं ऐकत नाही, तर त्याचं तरी ऐकेल असं वाटतं. पण ज्याने आपल्यासाठी जीव दिला, त्याचाच आपण घरात बागुलबुवा करून ठेवतो.

यामागे आपली भीतीही असते. वर्गात ख्रिस्ती मूल हे एकटंच. उद्या शिकायला पुण्या-मुंबईला गेलं, तर रविवारी उठून उपासनेला जाईल का? मंडळीत चार लोकांपुढे वेडंवाकडं वागलं तर? म्हणून आपण आज्ञांची पकड घट्ट करत जातो. प्रेमापोटीच करतो, पण मुलाच्या हाताला प्रेम लागत नाही, पकड लागते.

त्या आठवड्यात मी निर्गमाचं पुस्तक पुन्हा काढून बसले. लहानपणी दहा आज्ञा तोंडपाठ केल्या होत्या, त्या विसाव्या अध्यायात आहेत. तांबडा समुद्र दुभंगतो तो चौदाव्यात. इतकी वर्षं वाचून हा क्रम माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता. मिसरातून निघताना इस्राएली लोकांना कोणी विचारलं नव्हतं की आज्ञा पाळाल का, मगच सोडवतो. आधी सोडवलं. वाटेत कुरकुर करणाऱ्यांना पाणी दिलं, मान्ना दिला. तिसऱ्या महिन्यात सिनायपाशी आल्यावर मग आज्ञा दिल्या. आणि तिथेही पहिली आज्ञा देण्याआधी देव आठवण करून देतो, की तुम्हाला गुलामीतून काढणारा मीच.

जर्मनीत 1563 साली झालेल्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत तर या दहा आज्ञांचा अर्थ चक्क कृतज्ञतेच्या भागात घातला आहे. आधी माणसाची दुर्दशा, मग सुटका आणि शेवटी आभार, असे तिचे तीन भाग. म्हणजे आज्ञा पाळायच्या त्या आभार मानायला. तारण विकत घ्यायला नव्हे.

पंडिता रमाबाईंचंही मला आठवतं. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांसाठी रात्रंदिवस राबल्या. आणि तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळायचा राहिला होता. एवढी विदुषी, एवढी कष्टाळू बाई! तिला आठ वर्षं लागली, तर माझ्या लेकराला मी एका संध्याकाळी काय समजावणार?

पण त्या रात्री अंधारात त्याला जवळ घेता तर येत होतं. "सोडणार नाही. मीही नाही आणि तोही नाही," एवढंच म्हटलं. तो बराच वेळ रडला आणि कुशीतच झोपला. सकाळी त्याने गल्ल्यातून दहा रुपये काढून वेगळे ठेवले, ते मी सांगितलं म्हणून. चूक पोटात घालायची म्हणजे सोडून द्यायची, असं मला नाही वाटत. फक्त कुशीत घेणं आधी झालं होतं, पैसे नंतर. आणि मीही त्याला म्हणाले, "काल येशूचं नाव घेऊन तुला घाबरवलं, चुकलं माझं." तो नुसता बघत राहिला. आईनेही माफी मागायची असते, हे त्याला नवीन असावं.

आभाराचंही तसंच बघा. "थँक्यू म्हण, थँक्यू म्हण" करत आपण मुलांच्या मागे असतो. लूकाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी आहेत. येशूने जा म्हटल्यावर दहाही निघाले, आज्ञा दहांनीही पाळली. जाता जाता बरे झाले. परत आला तो एकटा, तोही परका शोमरोनी. त्याला कोणी ढकललं नव्हतं. ते मागे वळणं मुलाला शिकवता येत नाही, त्याने आपल्याला वळताना पाहावं लागतं.

म्हणून हल्ली झोपताना मी मोठ्याने माझे आभार आधी मानते. पगार झाला म्हणून, भांडण मिटलं म्हणून, आणि माझ्या कुठल्या चुकीची क्षमा मिळाली त्याबद्दल, चुकीचं नाव घेऊन. जमलं तर करून बघा, दोन मिनिटं लागतात. धाकटा मात्र अजून मांजरीच्या पिल्लांवरच आहे. परवा एका पिल्लाने डोळे उघडले, त्याबद्दल त्याने तीनदा आभार मानले.

दर रविवारी मी त्याच्या हातात दहाची नोट ठेवते. परत आल्यावर, टाकलीस का, हे अगदी ओठांवर येतं. विचारत नाही. त्याचा शर्ट भिजवताना खिसा तपासायला हात जातो, तो मात्र अजून आवरत नाही.