मनाला 'हो' ऐकायचे असते



आजच्या पाठाची सुरुवात एका कोड्याने करूया. २, ४, ६ या तीन संख्या एका नियमाने निवडल्या आहेत. तो नियम आपल्याला ओळखायचा आहे. त्यासाठी आपण तीन-तीन संख्या सुचवायच्या. त्या नियमात बसतात की नाही, एवढेच सांगितले जाईल. आपण काय सुचवाल?

बहुतेकांना ८, १०, १२ सुचते. उत्तर मिळते, 'बसतात'. मग २०, २२, २४. पुन्हा 'बसतात'. आता खात्रीच होते, दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या! पण हे उत्तर चूक आहे. नियम एवढाच होता की, प्रत्येक संख्या आधीच्या संख्येपेक्षा मोठी हवी. १, ७, ५० सुद्धा चालले असते. ते विचारून पाहावे, असे वाटलेच नाही.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी हा प्रयोग १९६० मध्ये प्रसिद्ध केला. २९ विद्यार्थ्यांपैकी फक्त ६ जणांचे पहिलेच उत्तर बरोबर आले. बाकीच्यांकडे बुद्धी कमी नव्हती. आपल्या कल्पनेला 'हो' मिळेल, असेच प्रश्न बहुतेकांनी विचारले होते. मनाच्या या सवयीला पुष्टीकरणाचा पूर्वग्रह म्हणतात.

घरातला पूर्वग्रह

संख्यांच्या खेळात कोणाचे नुकसान होत नाही. माणसांच्या बाबतीत होते. 'याचे अभ्यासात लक्षच नाही,' असे आपण मुलाबद्दल एकदा ठरवले की, त्याच्या हातातला मोबाइल लगेच दिसतो. पहाटे तो पुस्तक घेऊन बसलेला दिसला, तर आपण म्हणतो, 'परीक्षा जवळ आली असेल.' मताला जुळणारी गोष्ट पुरावा ठरते आणि न जुळणारी अपवाद. काही वर्षांनी मूलही म्हणते, 'काही केले तरी यांना पटणारच नाही.' मग ते प्रयत्न सोडते आणि आपण म्हणतो, 'बघा, मी सांगितले नव्हते?'

सासू-सून, भाऊ-भाऊ, सत्संगातले सहकारी, सगळीकडे हेच घडते. आपल्या साधनेतही घडते. मनासारखे झालेले चार प्रसंग आपण सर्वांना सांगतो, न झालेले दहा विसरून जातो. सत्याच्या शोधात निघालेल्याने हे विसरणे स्वतःला माफ करू नये.

वहीत नसलेली नोंद

वाणिज्य शाखेत शिकताना हिशेब तपासणीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. एखाद्या व्यापाऱ्याने देणी लपवली आहेत का, हे त्याच्या वहीतल्या नोंदी पाहून कळत नाही. जे लिहिलेच नाही, ते वहीत सापडणार कसे? म्हणून उलट बाजूने जावे लागते. माल पुरवणाऱ्यांची बिले हातात घ्यायची आणि त्यांची नोंद वहीत आहे का, ते पाहायचे. आपली स्मृती हीसुद्धा अशीच वही आहे. तिच्यात पूर्वग्रहाला सोयीच्या नोंदीच जास्त असतात.

चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात आपली एक सवय सांगितली आहे. आपल्या निष्कर्षांच्या विरुद्ध जाणारी कोणतीही गोष्ट आढळली की, ते ती लगेच लिहून ठेवत. कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी मनातून लवकर निसटतात, हा त्यांचा अनुभव होता. पुढे आक्षेप आले तेव्हा त्यातल्या बहुतेकांचा विचार त्यांनी आधीच केलेला होता.

या आठवड्याचा स्वाध्याय

१. ज्या व्यक्तीबद्दल आपले मत पक्के झाले आहे, अशी एकच व्यक्ती निवडा. ते मत एका वाक्यात लिहा.

२. त्याखाली लिहा, 'माझे मत चुकीचे असेल, तर मला काय दिसायला हवे?'

३. सात दिवस फक्त तेच शोधा. दिसले की त्याच क्षणी लिहा, रात्रीवर ठेवू नका. 'पण' हा शब्द जोडू नका.

४. आठव्या दिवशी शांत बसून पान वाचा.

कदाचित आपले मत बरोबरच निघेल. तरी हरकत नाही. ते आता तपासलेले मत असेल. पण पानावर तीन-चार ओळी जरी भरल्या, तरी त्या माणसाशी पुढचे वाक्य बोलताना आपला सूर बदलेल. ते माणूस किती दिवसांपासून त्या बदलाची वाट पाहत असेल, याचे मनन अवश्य करावे.