दारव्ह्याहून तारकर्लीला: पहिली स्कूबा बुडी

आपल्याकडे पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत, नाहीतर धरणाच्या पाण्यात. आणि तिथे मान कुणाला, तर जो जास्त वेळ दम धरून खाली राहतो त्याला. स्कूबाला निघालात तर ही सवय दारव्ह्यातच सोडा. पाण्याखाली पहिला आणि शेवटचा नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही.

कारण साधं आहे. विहिरीत आपण हवा काठावरून भरून नेतो. वर आलो की ती मूळ मापावर येते. स्कूबात मात्र दाबाखालची हवा खालीच छातीत भरतो. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटरवर घेतलेला श्वास दाबून धरून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुफ्फुस फाटू शकतं.

आधी हंगाम बघा. पावसाळ्यात मालवणच्या समुद्रात बुड्या बंद असतात. ऑक्टोबर ते मे जाता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी बरंच निवळ. रेल्वेने कुडाळला उतरायचं, तिथून मालवण ३० किलोमीटरच्या आसपास, आणि तारकर्ली लगतच. तिथे पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे; मालवणात खासगीवालेही भरपूर. वय किमान १० हवं. दमा, फिट, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर फॉर्मवर लपवू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी रद्द, पैसे गेले तरी.

घरून एक सराव करून जा. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि नाकातून हळूच हवा लोटा. कानात ‘टक’ झालं की जमलं. पाण्यात उतरताना हे दर अर्ध्या-एक मीटरला, कान दुखायच्या आधी करायचं. दुखायला लागल्यावर जोर लावू नका. थोडं वर या, पुन्हा करा.

सकाळी पोट हलकं ठेवा. मालवणी थाळी नंतर. तिथे पाठीवर चढवतात त्या सिलिंडरला सगळे ‘ऑक्सिजन’ म्हणतात, पण आत असते साधी, दाबून भरलेली हवा. मास्क लावताना केसाची बट आत अडकू देऊ नका. भरघोस मिशी असेल तर पाणी थोडं झिरपणारच. मान वर करा, मास्कची वरची कड दाबा, नाकातून फुंका, पाणी खालून निघून जातं. सिलिंडरची हवा तोंडात देणारा रेग्युलेटर दातात हलकेच धरा आणि तोंडाने सावकाश श्वास घ्या-सोडा. तो तोंडातून निसटला तर घाबरू नका: बारीक बुडबुडे सोडत राहा, परत तोंडात घ्या, जोरात फुंकून आतलं पाणी काढा, मग श्वास घ्या. हे कमरेइतक्या पाण्यात दोनदा करून घेतल्याशिवाय खोलात जायला सरळ नकार द्या.

खुणा पाठ हव्यात. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘मला वर ने’. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं कडं. कानाला त्रास असेल तर पंजा आडवा हलवायचा आणि कानाकडे बोट दाखवायचं.

पहिल्या बुडीत प्रशिक्षक तुम्हाला धरूनच असतो, त्यामुळे पोहता येत नसलं तरी चालतं. हातपाय मारू नका, प्रवाळाला हात लावू नका. व्हिडिओत मासे गोळा व्हावेत म्हणून कुणी पाव कुस्करू लागला तर थांबवा; १९८७ पासून मालवणचा हा समुद्र सागरी अभयारण्य आहे.

वर येताना आपल्या बारीक बुडबुड्यांपेक्षा सावकाश या. विमानाने परतणार असाल तर एका बुडीनंतर किमान १२ तास आणि जास्त बुड्या मारल्या असतील तर १८ तास थांबा. रस्त्याने परतणार असाल तरी उंचीचं भान ठेवा: आंबोली घाटही सुमारे ६९० मीटर उंचावर आहे, तेव्हा बुडी सकाळची ठेवा आणि गाडी रात्रीची धरा.